जगातील मुलांची कैवारी : एग्लंटाइन जेब

युद्ध कोणीही पुकारो आणि कोणीही जिंको, ज्यांनी ते पुकारलेले नसते त्यांनाच त्याची झळ सर्वांत अधिक लागते. लढाई कशासाठी चालली आहे हेही ज्यांना कळत नाही अशी लहान मुले उपाशी राहतात, आजारी पडतात, यतीम होतात. अशा मुलांच्या मुखात दोन घास घालणारे दयाळू लोक प्रत्येक काळात आणि प्रत्येक समाजात होऊन गेले. परंतु मूल आपल्या राष्ट्राचे असो वा शत्रूच्या, त्याला जगविणे हे साऱ्या जगाचे कर्तव्य आहे असे ठामपणे सांगून त्या कर्तव्यासाठी अनेक देशांना एका सूत्रात बांधणारी माणसे विरळाच. पहिल्या महायुद्धानंतर हे काम ज्या इंग्रज बाईंनी उभे केले त्यांचे नाव एग्लंटाइन जेब. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या संस्थापिका म्हणून आणि मुलांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या लेखिका म्हणून त्या जगभर ओळखल्या जातात. संस्थेचे नाव पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. मात्र ती उभी करताना या बाईंना काय सोसावे लागले, आणि मुख्य म्हणजे त्यांनी हे काम कोणत्या पद्धतीने केले, हे फारसे सांगितले जात नाही. शिक्षणाच्या व समाजसेवेच्या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र एकवार तरी डोळ्यांखालून घालावे असे आहे.

बालपण व शिक्षण

एग्लंटाइन यांचा जन्म २५ ऑगस्ट १८७६ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एल्समीअर या गावी झाला. वडील आर्थर जेब जमीनदार व बॅरिस्टर होते. घर सुखवस्तू होते, भोवती शेतीवाडी होती आणि वाचनाचे वातावरण होते. सहा भावंडांत एग्लंटाइन चौथी. आईचे नावही एग्लंटाइनच. खेड्यापाड्यांतील गरिबांनी हस्तकला शिकावी व त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून या माउलीने १८८४ मध्ये एक संस्था काढली होती. गरिबाला नुसती भीक घालू नये, त्याच्या हाती कला द्यावी, हा धडा एग्लंटाइनला असा घरातच मिळाला.

त्या काळी इंग्लंडातसुद्धा मुलींनी महाविद्यालयात जाणे सर्वांना रुचत नसे. परंतु त्यांच्या आत्याने भाचीच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि १८९५ मध्ये एग्लंटाइन ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. तेथे तीन वर्षे तिने इतिहासाचा अभ्यास केला. याच काळात, १८९६ मध्ये, तिचा धाकटा भाऊ गॅम्यूल हा शाळकरी वयातच न्यूमोनियाने दगावला. या आघाताने ती अधिक अंतर्मुख झाली. अभ्यासक्रम तर तिने पुरा केला, परंतु ऑक्सफर्ड विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना पदवीच देत नव्हते. ती १९२० पासून मिळू लागली. म्हणजे शिक्षण पुरे होऊनही पदवी नाही, अशी तेथील मुलींची अवस्था होती.

शिक्षिका म्हणून

१८९८ मध्ये ऑक्सफर्ड सोडल्यावर एग्लंटाइन यांनी शिक्षिका होण्याचे ठरविले. त्यांच्या थरातील मुली सहसा प्राथमिक शाळेत शिकवीत नसत. ते काम सामान्य घरांतल्या मुलींचे मानले जाई. परंतु त्यांनी लंडनच्या स्टॉकवेल येथील अध्यापक विद्यालयात रीतसर प्रशिक्षण घेतले आणि मार्लबरो या गावातील कष्टकऱ्यांच्या मुलांमुलींच्या शाळेत नोकरी धरली. वर्गात येणाऱ्या मुलांची अंगे मळलेली, पोटे रिकामी, घरे कोंदट. पुस्तकात न सापडणारे दारिद्र्य त्यांना तेथे समोरासमोर भेटले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. एग्लंटाइन शिक्षिका म्हणून यशस्वी झाल्या नाहीत. वर्ग सांभाळणे त्यांना जड जाई, मुलांच्या गलक्याने जीव थकून जाई आणि प्रकृतीही साथ देईना. सुमारे दीड वर्षात त्यांनी शाळा सोडली. मुलांना अंगाखांद्यावर खेळवावे, त्यांच्यात रमावे, असा त्यांचा पिंडच नव्हता. पुढे त्यांनी लग्नही केले नाही. आणि तरीही लाखो मुलांचे प्राण वाचविण्याचे काम याच बाईंच्या हातून झाले. मुलांविषयी जिव्हाळा असणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्याला तो स्वभावतः लाभला नाही त्यालाही मुलांप्रती कर्तव्य असते, आणि ते कर्तव्य बुद्धीने व चिकाटीने पार पाडता येते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.

केंब्रिजमधील उमेदवारी

शाळा सोडल्यावर त्या आईसमवेत केंब्रिज येथे राहू लागल्या. त्यांचे मामा सर रिचर्ड जेब हे तेथे ग्रीक भाषेचे नामांकित प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये गरिबांना मदत देणाऱ्या संस्थांचा मेळ घालणारी एक संघटना होती, तिच्यात त्या काम करू लागल्या. कोणालाही मदत देण्यापूर्वी त्याच्या परिस्थितीची चौकशी करावी, एकाच कुटुंबाला चार ठिकाणांहून मदत आणि दुसरे तसेच कोरडे, असे होऊ नये, मदत घेणारा पुढे स्वतःच्या पायांवर उभा राहील असे पाहावे, ही त्या संघटनेची शिस्त होती. एग्लंटाइन यांनी शहरातील घरे, मजुरी, शाळा, बेकारी यांची बारकाईने पाहणी केली आणि १९०६ मध्ये केंब्रिजच्या सामाजिक प्रश्नांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने त्यांना पैसा मिळवून दिला नाही, पण पुढे अनेक देशांत जे काम करावयाचे होते त्याची उमेदवारी या एका शहरात झाली.

१९१३ साली त्यांना पहिल्यांदा युद्धाचे खरे रूप दिसले. बाल्कन युद्धात मॅसिडोनियाचा प्रदेश होरपळून निघाला होता. तेथील निर्वासितांना मदत पोहोचविण्यासाठी स्थापन झालेल्या एका ब्रिटिश निधीच्या वतीने त्या तिकडे गेल्या. त्या युद्धांत ख्रिस्ती आणि मुसलमान, दोन्ही समाजांतील सामान्य माणसे घरादाराला मुकली. आज एका बाजूचे सैन्य जिंकले की एका समाजाची गावे जळत, उद्या दुसरे जिंकले की दुसऱ्याची. थंडीत उघड्यावर पडलेली, रोगाने ग्रासलेली माणसे त्यांनी पाहिली. आपण वाटलेले कपडे व पैसे या दुःखाला पुरे पडणार नाहीत हे त्यांना कळून चुकले. मदत पोहोचते तोवर उशीर झालेला असतो, आणि ती संपली की माणसे पुन्हा पहिल्या जागी येतात, हा अनुभव घेऊन त्या परतल्या.

वेढा आणि उपासमार

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. शत्रूविषयी बरा शब्द काढणेही देशद्रोह ठरावा असे ते दिवस होते. एग्लंटाइन यांची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन हिने सरकारची परवानगी मिळवून जर्मनी, ऑस्ट्रिया इत्यादी देशांतील वर्तमानपत्रे मागविण्यास सुरुवात केली. त्यांतील उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर ‘केंब्रिज मॅगझिन’ या पत्रात छापून येऊ लागले. एग्लंटाइनही या कामात सामील झाल्या. शत्रूच्या देशातही आपल्यासारखीच माणसे राहतात, तीही युद्धाला कंटाळली आहेत आणि त्यांच्या घरांत अन्न नाही, हे या भाषांतरांतून त्यांच्यापुढे रोज येत होते.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थंडावल्या, परंतु उपासमार थांबली नाही. ब्रिटन व त्याच्या दोस्तांनी शत्रूराष्ट्रांच्या बंदरांचा समुद्रमार्गे वेढा घातला होता. तह होईपर्यंत दबाव राहावा म्हणून तो युद्धबंदीनंतरही चालूच ठेवण्यात आला. जर्मनीभोवतीचा हा वेढा पुरता उठला तो जुलै १९१९ मध्ये. मधल्या आठ महिन्यांत मध्य युरोपातील शहरांत मुलांचे हाल झाले. व्हिएन्नासारख्या वैभवशाली राजधानीत दुधाअभावी मुलांची हाडे वाकली, मुडदूस आणि क्षय घरोघरी शिरला. वेढा उठवावा म्हणून सरकारवर दडपण आणण्यासाठी १९१९ च्या आरंभी इंग्लंडमध्ये ‘फाइट द फॅमिन कौन्सिल’ ही परिषद स्थापन झाली. डोरोथी व एग्लंटाइन तिच्यात अग्रभागी होत्या. परंतु राजकारण बदलेपर्यंत मुलांची पोटे थांबत नाहीत. म्हणून या परिषदेतूनच मुलांसाठी वेगळा निधी काढण्याचे ठरले. हाच ‘सेव्ह द चिल्ड्रन फंड’ होय.

पाच पौंडांचा दंड

एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या ट्राफल्गार चौकात एग्लंटाइन उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या ऑस्ट्रियन मुलाचे चित्र असलेली पत्रके वाटीत होत्या. आपल्या वेढ्यामुळेच ही स्थिती आली, असा त्या पत्रकांचा रोख होता. युद्धकाळातील कायदा अजून लागू होता आणि ही पत्रके सरकारी तपासनिसाकडून मंजूर करून घेतलेली नव्हती. त्यांना अटक झाली. मे महिन्यात खटला चालला. वकील न देता त्यांनी आपली बाजू स्वतःच मांडली. परवानगी घेतली नाही हे त्यांनी नाकारले नाही, पण उपाशी मुलांचे सत्य लोकांना सांगणे हा गुन्हा कसा, हा प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे ठेवला. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, मात्र शिक्षा केली ती अवघ्या पाच पौंडांच्या दंडाची. तुरुंगवासाची भीती असताना ही शिक्षा नाममात्रच म्हणावयाची. याहून नवल असे की, सरकारतर्फे त्यांच्याविरुद्ध खटला चालविणारे वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी त्यांच्या हाती स्वतःच्या खिशातील पाच पौंड ठेवले. ती रक्कम त्यांनी मुलांच्या निधीत जमा केली. विरोधी वकिलाची ही देणगी निधीची पहिली देणगी म्हणून प्रसिद्ध आहे.

या खटल्याचा बोभाटा झाला तो निधीच्या पथ्यावरच पडला. १९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निधीची जाहीर सभा भरली. सभागृह खच्चून भरले. काही मंडळी तर शत्रूच्या मुलांची बाजू घेणाऱ्या या बायकांवर फेकण्यासाठी सडकी फळे घेऊन आली होती. एग्लंटाइन भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा आवाज बारीक होता. बोलता बोलता तो चढत गेला. मुले डोळ्यांदेखत उपासमारीने मरत असताना आपण काहीच करू शकत नाही असे म्हणणे माणसाला शोभत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. फळे फेकली गेली नाहीत. लोकांनी खिशात हात घातले. ज्यांची मुले याच युद्धात शत्रूच्या गोळ्यांनी पडली होती असे आईबापही त्या काळी इंग्लंडात घरोघर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सभेची थोरवी कळते.

अनेक देश, एक सूत्र

पैसा जमू लागला, पण खरे काम पुढेच होते. पैसा लंडनमध्ये आणि भूक व्हिएन्ना, बुडापेस्ट, वॉर्सा येथे. प्रत्येक देशाचे सरकार निराळे, भाषा निराळी, चलन निराळे. इंग्रजांच्या हातून मदत घेण्यास काही ठिकाणी मनाची तयारी नव्हती. एग्लंटाइन यांनी अशा वेळी प्रत्येक देशात आपले नवे कार्यालय थाटण्याचा मोह टाळला. जेथे रेड क्रॉस किंवा क्वेकर पंथाचे सेवाभावी लोक आधीच काम करीत होते तेथे निधीने पैसा त्यांच्याच हाती दिला. एकाच गावात दोन संस्थांनी तेच काम करू नये, ही केंब्रिजमध्ये शिकलेली शिस्त आता युरोपभर लागू झाली.

याचा पुढचा टप्पा म्हणजे ६ जानेवारी १९२० रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे झालेली ‘इंटरनॅशनल सेव्ह द चिल्ड्रन युनियन’ या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीने या संघाला आपला आश्रय दिला. जिनिव्हाच का निवडले, हेही पाहण्यासारखे आहे. स्वित्झर्लंड युद्धात तटस्थ होते. तेथे इंग्रज, जर्मन, फ्रेंच, ऑस्ट्रियन अशा एकमेकांशी कालपर्यंत लढलेल्या देशांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसू शकत होते. प्रत्येक देशाने आपली समिती काढावी, तिने आपल्या देशात पैसा व सामान जमवावे, कोठे किती गरज आहे याची माहिती जिनिव्हाने एकत्र करावी, त्या माहितीच्या आधारे वाटणी व्हावी आणि प्रत्यक्ष वाटपाचे काम शक्य तेथे त्या त्या देशातील लोकांनीच करावे, अशी ही रचना होती. आज आंतरराष्ट्रीय मदतकार्यात जी पद्धत सर्रास दिसते तिची घडण करणाऱ्यांत एग्लंटाइन यांचे स्थान फार वरचे आहे.

धर्माधर्मांतील भिंतीही त्यांनी मध्ये येऊ दिल्या नाहीत. त्या स्वतः प्रॉटेस्टंट पंथाच्या. परंतु त्यांनी कॅथलिकांचे धर्मगुरू पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्याकडे मदतीची विनंती केली आणि रोमला जाऊन त्यांची भेटही घेतली. पोपनी आपल्या साऱ्या चर्चमधून २८ डिसेंबर १९१९ रोजी मध्य युरोपातील मुलांसाठी वर्गणी गोळा करण्याचा आदेश काढला. इतर पंथांची चर्चही या कामात उतरली. इंग्लंडच्या खाणकामगारांच्या संघटनेनेही हातभार लावला. कामगार आणि धर्मगुरू एकाच यादीत दिसावेत, असा योग क्वचितच येतो.

हिशेबाच्या बाबतीत त्या काटेकोर होत्या. मदतकार्य म्हणजे भाबडेपणाने केलेला खर्च नव्हे, ते व्यापाऱ्याच्या पेढीइतके चोख चालले पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. निधीचे स्वतःचे नियतकालिक होते. त्यातून कामाचा वृत्तान्त देणगीदारांपुढे ठेवला जाई. एका मुलाचा खर्च एका कुटुंबाने उचलावा अशी योजना होती, त्यामुळे दूरचे मूल देणाऱ्याला आपलेसे वाटू लागे. निधीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. धर्मादायाचा पैसा जाहिरातीवर उधळता, अशी टीका झाली. परंतु जाहिरातीवर खर्च केलेल्या पैशातून त्याच्या कितीतरी पट पैसा मुलांसाठी येतो, हे संस्थेने हिशेबानेच दाखवून दिले.

रशियातील दुष्काळ

या रचनेची खरी कसोटी लागली ती १९२१ मध्ये. महायुद्ध, यादवी आणि सरकारने शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने उचलणे यांनी आधीच खंगलेल्या रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात पावसाने दगा दिला. या दुष्काळात पन्नास लाखांच्या आसपास माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. रशियात तेव्हा बोल्शेविकांचे राज्य आले होते आणि इंग्लंडातील पुष्कळांना ते शत्रूहूनही वाईट वाटत होते. अशा देशाला मदत का करावी, आपल्याकडे बेकारी कमी आहे काय, असा सूर काही वर्तमानपत्रांनी लावला. दुष्काळाची बातमी फुगवून सांगितली जाते असेही लिहिले गेले.

नॉर्वेचे थोर संशोधक फ्रित्योफ नान्सेन यांनी ऑगस्ट १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारशी मदतीचा करार केला. त्यांच्या व्यवस्थेखाली सेव्ह द चिल्ड्रनने व्होल्गाकाठचा साराटोव्ह प्रांत आपल्याकडे घेतला. सप्टेंबर १९२१ मध्ये ‘टॉर्सेलो’ नावाचे जहाज सुमारे ६०० टन सामान घेऊन लंडनहून निघाले. बंदरातून रेल्वे, रेल्वेतून पुढे घोड्यांच्या व उंटांच्या गाड्या, वाटेत बर्फ आणि मोडकी यंत्रणा, असा तो प्रवास होता. प्रांतात ठिकठिकाणी मुलांसाठी स्वयंपाकघरे उघडण्यात आली. ऐन भरात असताना जवळजवळ ३ लाख मुलांना तेथे रोज अन्न मिळत होते. पुढे मोठ्या माणसांनाही शिधा देण्यात आला. अमेरिकेच्या मदतसंस्थेचे काम याहून कितीतरी मोठे होते आणि तिने लाखो लोकांना जगविले हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु लोकांच्या लहानसहान वर्गणीवर चाललेल्या एका संस्थेने ३ लाख ताटे रोज वाढावीत, ही गोष्ट सामान्य नव्हे.

टीकाकारांना उत्तर देण्याची संस्थेची रीतही पाहावी. तिने नुसता वाद घातला नाही. एका छायाचित्रकाराला साराटोव्हला पाठवून दुष्काळाचे चलच्चित्र काढविले आणि ते इंग्लंडातील सभागृहांत दाखविले. ज्यांनी ते पाहिले त्यांना दुष्काळ खरा की खोटा हे विचारण्याची गरज राहिली नाही.

शिध्याकडून स्वावलंबनाकडे

१९२२ मध्ये ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील युद्धाचा शेवट झाला. त्यानंतरच्या करारान्वये दोन्ही देशांतील अल्पसंख्यांची अदलाबदल करण्यात आली. दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन लाखांच्या आसपास मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. पिढ्यान्पिढ्यांची घरे सोडून निघालेल्या या लोंढ्यांत मुलेच मुले होती. ग्रीसमधील निर्वासित मुलांसाठी संस्थेने अन्नछत्रे चालविली.

तथापि नुसती अन्नछत्रे चालविण्यात एग्लंटाइन यांचे समाधान नव्हते. मॅसिडोनियातील अनुभव त्या विसरल्या नव्हत्या. हंगेरीत बुडापेस्ट येथे जूलिया वायकाई या बाईंच्या देखरेखीखाली संस्थेने कार्यशाळा उघडल्या. शाळेचे वय उलटलेल्या गरीब मुली तेथे शिवणकाम वगैरे शिकत, दुपारी जेवत आणि चार पैसे मिळविण्याजोग्या होऊन बाहेर पडत. बल्गेरियात निर्वासित कुटुंबांसाठी आतोलोव्हो नावाचे एक गावच वसविण्यात आले. ॲथॉलच्या डचेस या संस्थेच्या कामातील पुढारी बाईंवरून त्याचे नाव पडले आणि ते गाव आजही नांदते आहे. खुद्द इंग्लंडमध्ये बेकार खाणकामगारांच्या मुलांनाही संस्थेने मदत दिली. त्यामुळे परक्यांसाठी आपल्या मुलांना विसरता, या आक्षेपातही अर्थ उरला नाही.

मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा

एक दुष्काळ सरला की दुसरा, एक युद्ध संपले की दुसरे. प्रत्येक वेळी नव्याने लोकांची दया जागवावी लागते, आणि दया थकते. रशियाच्या वेळी एग्लंटाइन यांनी हे पाहिले होते. मुलाचे पोट जर दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून असेल तर देणाऱ्याची लहर फिरताच ते उपाशी राहणार. म्हणून दयेच्या जागी हक्क आला पाहिजे, या विचारावर त्या आल्या.

जिनिव्हाजवळच्या सालेव्ह डोंगरावर त्यांनी हा मसुदा मनात जुळविला असे सांगतात. मुलांच्या हक्कांची लांबलचक कलमे करणारे मसुदे इतरांनीही त्या सुमारास केले होते. एग्लंटाइन यांचा आग्रह असा की, मसुदा इतका आटोपशीर असावा की तो कोणत्याही भाषेत सहज भाषांतरित व्हावा आणि शाळेच्या भिंतीवर लावता यावा. त्यांच्या मसुद्यात अवघी पाच कलमे होती. मुलाच्या शारीरिक व आत्मिक वाढीला लागणारी साधने त्याला मिळावीत, हे पहिले. भुकेल्याला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला आधार, वाट चुकलेल्याला सुधारण्याची संधी आणि अनाथाला आसरा मिळावा, हे दुसरे. संकटकाळी मदतीवर पहिला अधिकार मुलाचा, हे तिसरे. मुलाला पुढे पोट भरण्याजोगे शिक्षण मिळावे आणि कोणी त्याची पिळवणूक करू नये, हे चौथे. आणि आपले गुण हे मानवजातीच्या सेवेसाठी आहेत या जाणिवेत त्याला वाढवावे, हे पाचवे. वंश, राष्ट्र आणि धर्म यांच्या पलीकडे जाऊन हे सर्व मुलांना लागू होते.

१९२३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने हा मसुदा स्वीकारला आणि २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाच्या सभेने त्याला मान्यता दिली. तोच ‘जिनिव्हा जाहीरनामा’ होय. पाच वर्षांपूर्वी पत्रके वाटल्याबद्दल जिला पोलिसांनी पकडले होते, तिच्या लेखणीतून उतरलेल्या ओळी जगातील राष्ट्रांनी आपल्या म्हणून स्वीकारल्या.

अखेर व वारसा

एग्लंटाइन यांना कंठस्थ ग्रंथीचा विकार पुष्कळ वर्षे जडलेला होता. शस्त्रक्रिया झाल्या, पण विश्रांती त्यांनी घेतली नाही. केस अकालीच पांढरे झाले होते. त्यामुळे आणि त्यांच्या तळमळीमुळे सहकारी त्यांना शुभ्र ज्योतीची उपमा देत. १७ डिसेंबर १९२८ रोजी जिनिव्हा येथे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिनिव्हा नगरीने त्यांचे अवशेष शहरातील मान्यवरांच्या दफनभूमीत सन्मानाने हलविले.

त्यांच्या जाहीरनाम्याला कायद्याचे बळ नव्हते. राष्ट्रांनी तो मान्य केला, परंतु पाळलाच पाहिजे असे बंधन नव्हते आणि अवघ्या पंधरा वर्षांत दुसरे महायुद्ध पेटून मुलांची पुन्हा राखरांगोळी झाली. तरीही पेरलेले वाया गेले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९५९ रोजी मुलांच्या हक्कांचा दहा तत्त्वांचा जाहीरनामा केला. पुढे २० नोव्हेंबर १९८९ रोजी त्याचा बंधनकारक करार झाला. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्याचा स्वीकार केला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने सोडली तर संयुक्त राष्ट्रसंघाची सर्व सभासद राष्ट्रे आज या कराराने बांधलेली आहेत. आपल्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाचा शिकण्याचा, खाण्यापिण्याचा व सुरक्षित राहण्याचा हक्क आपण आज गृहीत धरतो, त्या हक्काच्या जागतिक इतिहासाचे पहिले पान हे असे लिहिले गेले.

एग्लंटाइन जेब यांच्या चरित्रातून घेण्याजोगे पुष्कळ आहे, पण दोन गोष्टी विशेष. एक अशी की, चांगुलपणाला व्यवस्थेची जोड नसेल तर तो फार दूर जात नाही. गरजूची नीट चौकशी, चोख हिशेब, दुसऱ्या संस्थेशी स्पर्धा न करता सहकार्य आणि स्थानिक माणसांवर विश्वास, या चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत, म्हणून लंडनमधला एक शिलिंग साराटोव्हमधल्या मुलाच्या ताटापर्यंत पोहोचला. वर्गणीवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला, मग ती शाळा असो, वसतिगृह असो की अनाथालय, हा धडा तितकाच लागू आहे. शिष्यवृत्ती देताना ती खऱ्या गरजूला पोहोचली काय आणि ती घेणारा विद्यार्थी पुढे आपल्या पायांवर उभा राहिला काय, हे पाहणे म्हणजे देणाऱ्याने हात आखडता घेणे नव्हे. ते देण्याचेच अंग आहे.

दुसरी गोष्ट याहून अवघड. आपल्या मुलावर माया करायला कोणी शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याच्या मुलावरही माणूस करतो. पण ज्यांच्याशी आपले वैर आहे त्यांच्या घरातले मूल उपाशी आहे हे कळल्यावर मनात काय येते, तेथे माणसाची परीक्षा असते. १९१९ साली इंग्लंडात ही परीक्षा एका अशक्त प्रकृतीच्या, वर्गात मुलांपुढे उभे राहताना थकून जाणाऱ्या बाईंनी दिली आणि आपल्याबरोबर हजारोंना द्यायला लावली. आजही जगात कोठे ना कोठे युद्ध चालूच आहे आणि कोणाची मुले आधी वाचवावीत याचे वाद चालूच आहेत. मुलाचा धर्म, देश वा जात विचारण्यापूर्वी ते जेवले आहे काय एवढे विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागली, तर एग्लंटाइन जेब यांचे काम आपल्या परीने पुढे नेल्यासारखे होईल.